जिभेला चिकटलेलं हाड

ट्रिफुनने सणाचा गोल पाव उचलून छातीशी धरला.

"बोल आता पोरी. थडग्यातला म्हातारा कुणाचा निघाला?"

अक्रोडाखाली सगळा गाव बसला होता. खाली डॅन्यूब संथ वाहत होती. यंदा ठरलंच होतं, खोदकामात सापडलेल्या आठ हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याशी ज्याचं रक्त जुळेल, त्याच्या घराने पाव मोडायचा. तपासणीसाठी थुंकी सगळ्यांनी दिली होती. रादिसावनेही. वीस उन्हाळे तो खोदकामावर मुकादम. पण त्याचा आजा नदीपलीकडून आलेला, म्हणून ट्रिफुन त्याला अजून उपरा म्हणायचा. सणाचा पाव त्याच्या घराने कधी मोडला नव्हता.

संशोधक नेवेनाने कागद उलगडला. "जुळलं. ट्रिफुनकाकांशी. अगदी तंतोतंत."

"ऐकलंस का रे, उपऱ्या?"

"पण काका, इतकं तर सख्ख्या बापाशीही जुळत नाही. तुम्ही त्या हाडाला काही केलंत?"

"काही नाही. नुसतं चाटलं. रादिसावच म्हणाला, हाड असेल तर जिभेला चिकटतं, दगड असेल तर नाही."

हसता हसता बायकांच्या हातातले पेले हिंदकळले.

"म्हणजे तू स्वतःचाच पणजोबा की रे," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे हाडावर जुळली ती तुमचीच थुंकी होती, काका. मग आम्ही त्याच्या दाढेच्या आतून नमुना घेतला. त्याच्या शेजारी पुरलेले चौघे इथलेच. याचे वाडवडील मात्र लांब पूर्वेकडचे. गावात कुणाशीच जुळत नाही."

"म्हणजे तोही उपराच?"

"हो. पण पुरलं त्यांनी त्याला आपल्यातच. उशाला हरणाचं शिंग ठेवून."

ट्रिफुनने पाव छातीपासून दूर केला. मग त्याने तो रादिसावपुढे सरकवला.

"धर. मोड तू."

नेवेना रादिसावच्या कानाशी वाकली. "थुंकीने नमुना बिघडतो, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मग चाटायला का दिलंत?"

"त्या चौघांची डोकी प्रवाहाच्या दिशेला. याचंच उलटं. गळ्यात समुद्रावरचे शिंपले. माती झटकली तेव्हाच ओळखलं, हा आमच्यातला, उपरा."

रादिसावने पाव मोडला. पहिला तुकडा ट्रिफुनच्या हातावर ठेवला.

"म्हणून तर नेमकं त्याचंच हाड दिलं."