यजमान पुसून टाका

‘आता यजमान पुसून टाका.’ नव्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातली ही शेवटची पायरी, तीही ठळक अक्षरांत. मास्तरीणबाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली. वाक्य त्यांचंच होतं. पुस्तक काल संध्याकाळी सगळ्या ग्राहकांकडे रवाना झालं होतं.

मास्तरीणबाई हे त्यांचं कचेरीतलं नाव. काम, सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. इथलं सॉफ्टवेअर एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक नकली संगणक चालवतं. मोठा तो यजमान, पोटातले ते पाहुणे. नकोसा झालेला पाहुणा कसा काढायचा, ते या प्रकरणात सांगितलं होतं. पाहुणा पुसला तर तो एकटा जातो. यजमान पुसला तर घरातले सगळे पाहुणे बाडबिस्तऱ्यासकट जातात आणि परत येत नाहीत.

जुन्या पुस्तकात दोघांनाही सरसकट ‘मशीन’ म्हटलेलं होतं. ते मुख्य इंजिनिअरांनी कधीतरी घाईघाईत लिहून काढलं होतं. एका वस्तूला एकच नाव, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, यासाठी बाईंनी त्यांच्याशी वर्षभर हुज्जत घातली. “मशीन म्हटलं की कळतं हो सगळ्यांना. किती कीस काढाल?” असं ते म्हणायचे. शेवटी कंटाळून हो म्हणाले. मग बाईंनी एकेक ‘मशीन’ हुडकून, इथे यजमान की पाहुणा ते ठरवून, हाताने बदललं. शेवटच्या प्रकरणापर्यंत येताना मात्र डोळे मिटायला लागले होते. तिथल्या पायऱ्या बहुतेक यजमानावरच करायच्या होत्या. म्हणून त्यांनी संगणकालाच सांगून टाकलं, मशीन दिसेल तिथे यजमान कर. त्याने ते इमानेइतबारे केलं.

“आज कोणी पाहुणा काढतंय का?” बाईंनी इंजिनिअरांना विचारलं.

इंजिनिअर पुस्तकातली ओळ वाचत होते. त्यांचा चेहरा उतरला. “रक्तपेढी. आत्ता, सकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी.”

रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची नोंद, कुठला गट, कुठल्या कपाटात, कोणासाठी राखून ठेवलेली, सगळं त्या एका यजमानाच्या पोटात होतं. राखीव प्रत होती, पण महिन्यापूर्वीची. तेवढ्या काळात पेढीतल्या जवळजवळ सगळ्या पिशव्या बदललेल्या असतात.

बाईंनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिकडची लाईन व्यग्रच.

“पुसण्याआधी आपलं सॉफ्टवेअर विचारतं ना, नक्की का म्हणून?”

“ते ऊठसूट विचारतं,” इंजिनिअर म्हणाले. “लोक न वाचता हो म्हणतात. मीसुद्धा म्हणतो.” मग, टोमणा मारायचा म्हणून नव्हे, भीतीनेच, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मशीनच राहू दिलं असतं, तर ही वेळ आली नसती.”

एरवी बाईंनी त्यांना असं सोडलं नसतं. आज मात्र त्यांनाही तेच वाटत होतं. रक्तपेढीच्या खिडकीपाशी कोणीतरी चिठ्ठी घेऊन उभं आहे आणि आतल्या माणसापुढे कोरा पडदा आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एवढा हट्ट कशासाठी केला, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि पुन्हा नंबर फिरवला. लाईन व्यग्र. त्यांनी हताश होऊन फोन खाली ठेवला.

ठेवल्या ठेवल्या तो वाजला.

“मॅडम, कधीचा फोन लावतोय तुम्हाला,” पलीकडून रक्तपेढीचा संगणकवाला बोलत होता. “तुमचा आपला सारखा व्यग्रच.”

“तुम्ही यजमान पुसलात?” बाईंनी विचारलं.

“छे हो. तेच तर विचारायचंय. पहिल्या पानापासून तुम्ही बजावताय, यजमान म्हणजे यजमान, पाहुणा म्हणजे पाहुणा. सबंध पुस्तकात एकदाही गल्लत नाही. आणि शेवटी एक पाहुणा घालवायला यजमानच पुसायला सांगताय? म्हटलं, इथे बाईंचा हात घसरला. विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही.”

बाई खुर्चीत बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं. इंजिनिअरांनी त्यांच्यासाठी पेलाभर पाणी आणलं आणि भानावर नसल्यासारखं स्वतःच पिऊन टाकलं.

“चूक माझी,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “तिथे पाहुणा हवा होता. लगेच दुरुस्त करून सगळ्यांना पाठवते. तुमचे फार उपकार झाले.”

जीव भांड्यात पडल्यावर इंजिनिअरांना जरा चेव आला. ते फोनकडे वाकले. “काही म्हणा, आमच्या जुन्या पुस्तकात हा घोळ नव्हता.”

“ते पुस्तक मी वापरलंय ना साहेब, मागच्या नोकरीत,” संगणकवाला म्हणाला. “त्यात याच पायरीला ‘मशीन पुसून टाका’ असं होतं. पडद्यावर यजमान उघडा होता, तोही मशीनच. मला काही शंकाच आली नाही. म्हणून तर आता मी रक्तपेढीत आहे.”