सरकलेला बोया

बोया सरकला होता.

राखणदाराने चौकीच्या खिडकीतून पुन्हा पाहिलं. परवापर्यंत हद्दीचा तो तरंगता लाल बोया खिडकीच्या गजामागे दडायचा. आज गजाच्या डावीकडे डुलत होता. पाण्यावर लांब-जवळचा अंदाज येत नाही, पण सरकलाय एवढं नक्की. समुद्र तर शांत होता. दगडाला बांधलेला बोया काही हवा खायला जात नाही.

बोयापलीकडे मासळीच्या विणीसाठी राखीव पाणी. तिथे जाळं टाकायला बंदी. बोया आत ढकलला की तेवढं पाणी मोकळं झालं, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच मत्स्यखात्याच्या अधिकारी बाईंचा हुकूम होता, बोया हलवणाऱ्याची होडी जप्त.

बोयाचा असला जड दगड उचलणारा रहाट गावात एकाच होडीवर होता. ती होडी राखणदाराच्या सासऱ्यांची.

सासरे अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. गावच्या सभेत त्या राखीव रेघेविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज यांचाच. जावयाला पाहून त्यांनी आत सांगितलं, चहा टाका, नाहीतर साहेब आमच्या सुतळीवरही कलम लावतील.

राखणदार हसला नाही. होडीच्या कडेला लाल रंगाचे ताजे ओरखडे होते. ते त्याने पाहिले, आणि तो पाहतोय हे सासऱ्यांनी पाहिलं.

"मामा, उद्या मॅडम मोजणीला येतायत. मला विचारतील."

"मग सांगा की. तोंड काय भाड्याने आणलंय?"

"पण केलंत कशाला?"

सासऱ्यांनी गाठ दातांनी आवळली. "मासळी काय तुमचा नकाशा बघून अंडी घालते, जावईबापू?"

त्यापुढे ते हवापाण्यावर बोलू लागले.

घरी बायकोने सगळं ऐकलं. सांगू नका, असं ती म्हणाली नाही. होडी गेली तर बाबा दिवसभर करतील काय, एवढंच विचारलं आणि देवापाशी जाऊन बसली. ओठ मात्र हलत नव्हते. त्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. खोटं बोलावं तर नोकरी जाणार, खरं बोलावं तर सासुरवाडी.

सकाळी अधिकारी बाई मोजणीचं यंत्र घेऊन आल्या. चौकीच्या होडीत राखणदार चढला. पाठोपाठ, कुणी न बोलावता, सासरेही येऊन बसले. बोयापाशी पोचल्यावर बाईंनी विचारलं, हे काम कुणाचं. राखणदार वाकून बोयाची दोरी तपासू लागला.

"माझं," सासरे म्हणाले. "त्यांना कशाला पिळताय?"

बाईंनी जप्तीचा कागद मांडीवर पसरला. बोया किती आत ढकललाय, तेवढं भरायचं राहिलं होतं. त्यांनी यंत्र धरलं, नकाशा उलगडला, बोट फिरवलं. मग यंत्र पुन्हा धरलं. सासरे भलतीकडेच बघत होते.

राखणदाराला राहवेना. "किती पाणी गेलं, मॅडम?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"गेलं कुठे? वाढलंय. बोया गावाच्या बाजूला आलाय. यांच्या होडीला मासेमारीसाठी नेमून दिलेला अख्खा खडक यांनी राखीव पाण्यात घातलाय."