साडेसातच्या वर

नऊ वर्षं सरोजिनीबाईंनी रमाकांतरावांची साखर गोळीशिवाय ताब्यात ठेवली होती. फणसवाडीतल्या त्यांच्या घरात साखरेचा डबा कुलपात असायचा आणि गणपतीतसुद्धा रमाकांतरावांच्या वाट्याला अर्धाच मोदक यायचा. परळच्या एका दवाखान्यात मधुमेहावरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली, तसे दोघं नाव द्यायला गेले.

"काका, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसातच्या वर हवी," डॉक्टर मुलगी म्हणाली. "तुमची सहा पॉइंट आठ आहे. तुम्हाला नाही घेता येणार."

रमाकांतराव जिन्यातच भडकले. "तुझ्या त्या पथ्यापायी चांगलं फुकटचं औषध हातचं गेलं!"

सरोजिनीबाईंना ते फार लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी डब्याचं कुलूप काढलं. मग तीन महिने श्रीखंड, खरवस, साखरभात, रोज काहीतरी. रमाकांतरावांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. या खेपेला आकडा आठ पॉइंट चार आला. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

सह्या झाल्या. कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही, ते कम्प्युटरनं ठरवलं. रमाकांतरावांचं नाव बिनऔषधाच्या गटात आलं.

डॉक्टर मुलीनं पथ्याचा एक छापील कागद सरोजिनीबाईंपुढे सरकवला.



"घाबरू नका काकू. पथ्य नीट पाळलं ना, तर साखर गोळीशिवायसुद्धा ताब्यात राहते."