गुंडाचा खुराक

गुंडा गुळाच्या काट्यावर बसला आणि हंबीरराव वस्तादांनी वजन दोनदा करून बघितलं. एकशे अठरा रत्तल. दसऱ्याला हाच गडी दीडशेच्या वर होता. आता कुठं संक्रांत जवळ आली होती, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या.

"खुराक जातोय कुठं रं?" वस्तादांनी विचारलं.

"खातोय की, वस्ताद," गुंडा म्हणाला आणि पुन्हा पाण्याच्या घागरीकडं वळला.

कुंडलच्या तालमीत वस्तादांनी तीस वर्षं पोरं घडवली होती. खाणारं पोर असं वाळत नाही. खाण्यात कुणी काही घालत असेल, तरच वाळतं. गुंडाचा बाप नानासो हा वस्तादांचा जोडीदार. पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत पडला. मागं राहिली आठ एकर उसाची जमीन, पहिल्या बायकोचा हा गुंडा, आणि दुसरी बायको शालूबाई. तिला स्वतःचा चार वर्षांचा लेक होता. गुंडाचं बरंवाईट झालं तर आठ एकर कुणाकडं जाणार, हे वस्तादांना कुणी सांगायला नको होतं.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळेला ते न कळवता नानासोच्या घरात शिरले. गुंडा चुलीपुढं बसला होता. ताटात अर्धी भाकरी, मेथीची भाजी, दोन उकडलेली अंडी. शेजारी शालूबाईचा धाकटा गुळाचा खडा चोखत होता.

"पैलवानाच्या ताटात अर्धी भाकरी?" वस्तादांचा आवाज चढला. "आन् गूळ कुठाय?"

शालूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. गुळाच्या ढेपा कोठीत होत्या. कोठीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला.

"थोरल्याला गूळ द्यायचा न्हाई," ती म्हणाली. "आवं वस्ताद, मी काय बघितलंय ते ऐकून तर घ्या..."

"मी बघितलं तेवढं लय झालं!"

"वस्ताद, आई म्हणती ते..." गुंडानं तोंड उघडलं. पण वस्तादांनी त्याला दंडाला धरून उठवलं. दंड हातात मावला, तसा त्यांचा संताप आणखीच वाढला.

तेव्हापासून गुंडा त्यांच्या घरी राहिला. त्यांनी त्याचं खाणं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. म्हैस स्वतः पिळली. गूळ घातलेलं दूध तांब्या-तांब्यानं पाजलं; गुंडा नको म्हणाला, तर बाईनं मनात भरवलेलं भ्या म्हणून त्यालाच दटावलं. भाकरीवर काकवी, दुपारी केळी, संध्याकाळी शेवयांची खीर. प्रत्येक ताटातला पहिला घास ते स्वतः खायचे. विष असेल तर आधी आपल्याला बाधू दे, असा त्यांचा हिशेब.

गावात बातमी पसरली. पाणवठ्यावर बायका शालूबाईपासून आपल्या घागरी बाजूला घेऊ लागल्या. ती रोज वस्तादांच्या दारात यायची. रोज उंबऱ्यावरूनच परत जायची.

"माझ्या डोळ्यासमोर दिसू नगंस," एकदा वस्ताद म्हणाले. "पोर उठलं की तुला पोलीस पाटलाफुडं उभी करतो."

पोर उठलं नाही. दहाव्या दिवशी त्याला पाय टेकवेनात. श्वास धापा टाकल्यासारखा चालू लागला, आणि तोंडाला अतिपिकल्या फळासारखा वास यायला लागला. जुनं विष हाडात मुरलंय, वस्तादांनी ठरवलं. त्यांनी गुंडाला रेल्वेनं मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

"इषबाधा हाय," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "तसा कागद करून द्या. बाईला आत घालायची हाय."

डॉक्टरांनी आधी सुया टोचल्या. रात्रभर टोचत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडानं डोळे उघडले, तेव्हा ते वस्तादांकडं वळले.

"विष नाही. मधुमेह आहे."

"त्यो बसून खाणाऱ्या जाड्या माणसाला होतो, सायेब. ह्यो तालमीतला गडी."

"पोरांनाही होतो. पोरांना झाला की असा सुकवून टाकतो. खाल्लेलं गोड अंगी लागत नाही, लघवीवाटे निघून जातं. गेले दहा दिवस काय देत होता याला?"

वस्तादांनी सांगितलं. दूध-गूळ, काकवी, केळी, खीर. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला.

डॉक्टरांनी ते सगळं कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाले, "वजन तीन महिने उतरतंय म्हणता. औषधाशिवाय एवढा टिकला कसा? आधी याचं खाणं कोण बघत होतं?"

उत्तर खाटेवरून आलं. "आई. मी लघवीला बसायचो तिथं मुंग्या लागाय लागल्या. तिनं बघितलं, आन् गूळ बंद केला. भाकरी कमी केली. मुंग्याबी कमी झाल्या, वस्ताद. तीच तुमाला सांगत व्हती."

"शिकली आहे का ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," वस्ताद म्हणाले.

"बोलवून घ्या. रोज सुई टोचावी लागणार, आणि पथ्य जन्मभर. ते तिच्याच हाती देतो."

बोलवायला लांब जावं लागलं नाही. ओसरीच्या कडेला, धाकट्याला मांडीवर घेऊन, शालूबाई बसली होती. त्यांच्या मागून सुटलेल्या गाडीनं आली होती. वस्तादांनी डोळ्यासमोर यायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून आत आली नव्हती. त्यांना बघून ती घाईनं उठली आणि भिंतीला सरकली.

वस्तादांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"वैनी, आत चला," ते म्हणाले. "पोराला काय खायाला घालायचं, ते डॉक्टर तुमालाच इचारत्यात."