पानांआडचा ड्रॅगन

"टोक वळव, हृषी. सरळ गेलं की पान राहत नाही, सुरी होते," चारुदत्त म्हणाले.

कपिलने बोरू पुन्हा शाईत बुडवला. हृषिकेशच्या नावाला ओ द्यायची त्याला आता सवय झाली होती.

हृषिकेश जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसायचा. गेल्या हिवाळ्यात आउटोबानवर, तिथल्या महामार्गावर, अपघातात तो गेला. त्याच्या वडिलांना, चारुदत्तांना, ते सांगायच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पलंगाशी उभ्या असलेल्या कपिलचा हात धरला. "हृषी, आलास?"

दाराशी हृषिकेशची बायको कादंबरी उभी होती. तिने कपिलकडे बघून हात जोडले.

"आलो, बाबा," कपिल म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी तो यायचा, हृषिकेशचा स्वेटर चढवायचा आणि त्याचं अर्धवट राहिलेलं चित्र पुढे न्यायचा. बर्लिनच्या म्युझियममध्ये पाहिलेल्या एका जुन्या तुर्की, ऑटोमन दरबारी चित्राची ती नक्कल होती. लांब, दातेरी, एकमेकांना भोसकणारी पानं आणि त्यांत वेटोळं घालून बसलेला ड्रॅगन. चारुदत्तांनी जन्मभर चित्रकला शिकवलेली. ते शेजारी बसून एकेक रेघ सांगत.

कपिलला ते चित्र नकोसं होई. पानांआडून कुणीतरी आपली जागा परत मागतंय असं वाटे. कधी रेघ इतकी सफाईदार उमटे की हात आपलाच ना, म्हणून तो बोटं हलवून बघे. आणि स्वयंपाकघरात, जिथलं बोलणं बाबांना ऐकूही जात नसे, तिथेसुद्धा कादंबरी म्हणायची, "हृषी, आमटीत मीठ बघ ना जरा."

आज त्याने ठरवलंच होतं. कादंबरी ब्रेड आणायला खाली गेली, तसा तो म्हणाला, "बाबा, मला ब्राउनश्वाइगला जावं लागतंय. नवं काम आहे. पुढच्या शनिवारपासून नाही जमणार."

"तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

जिन्यात कादंबरीची पावलं वाजली, किल्ली फिरली. चारुदत्तांनी चांगल्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"अजून थोडे शनिवार ये, कपिल," ते कुजबुजले. "तू येतोस त्याच दिवशी ती जेवते."