पुढच्या वेळचं ऑइल

“आधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं,” नवरा म्हणाला. “ऑइल कोमट झालं की भराभर उतरतं. लक्षात राहील ना?”

“राहील,” ती म्हणाली.

वीस वर्षांत त्याने तिला या गाडीच्या बॉनेटला बोट लावू दिलं नव्हतं. बायकोपेक्षा गाडीला जास्त जपायचा. आणि आता महिनाभर तो तिला हाताला धरून एकेक काम शिकवत होता. फ्यूज कसा बदलायचा, पाण्याची मोटर अडकली तर काय करायचं, विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात. आज ऑइल.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

त्याचं वजन झरझर उतरलं होतं. स्वतःच्या शिलाई मशीनवर तिने त्याच्या चार पँटी कमरेत दोन-दोन इंच आत घेतल्या; चौथ्या पँटीला तर डोळे इतके भरले की शिवण दिसेना. चहातली साखर बंद. दर गुरुवारी घरी यायला उशीर, आणि अंगाला दवाखान्यात असतो तसला परक्या साबणाचा वास. परवा गच्चीत तो फोनवर हळूच म्हणत होता, “नाही, अजून तिला सांगितलं नाही. धीरच होत नाही.” डॉक्टरच असणार. ती पाय न वाजवता जिना उतरून आली.

आजारापेक्षा तिला हेच जास्त लागलं होतं. वीस वर्षं संसार केला, आणि आता आपल्यापासूनच लपवतोय!

त्याने गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले. ती पाठीवर सरकत आत गेली. पान्याने नट सैल केला तसं काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं. थोडं कोपरावर ओघळलं.

“नवा वॉशर घाल. आणि नट फार आवळू नकोस,” तो वाकून म्हणाला. “आटे गेले तर पंचाईत. तेव्हा मी काही...”

तो मध्येच थांबला. गाडीखाली तिने नवा वॉशर घालून नट बेतानेच आवळला.

नव्या फिल्टरच्या रबराला तिने बोटाने ऑइल चोळलं आणि तो हातानेच फिरवून बसवला. गाडी जॅकवरून उतरवून वरून नवं ऑइल ओतलं. इंजिन जरा चालवून बंद केलं, थोडं थांबून ऑइल मोजायची पट्टी पुसून, पुन्हा बुडवून पाहिली. दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये.

“पास!” तो हसला. वहीत किलोमीटर लिहून त्याने वही तिच्या हातात दिली. “पुढच्या वेळी तुझी तूच.”

मग मात्र तिला राहवेना.

“मला सगळं कळलंय,” ती म्हणाली. “आता लपवू नका.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? डोळे आहेत मला. आणि मी रागावले नाहीये. असल्या गोष्टी कुणाच्या हातात थोड्याच असतात? जितके दिवस आहेत तितके दिवस तुम्हाला काही कमी पडू देणार नाही.”

तो पायरीवर मटकन बसला. कित्येक वर्षांनी त्याने तिचे हात हातात घेतले, तेलकट होते तरी.

“किती मोठ्या मनाची आहेस गं तू,” तो डोळे पुसत म्हणाला. “आणि ती उगाच घाबरत होती, तू घर डोक्यावर घेशील म्हणून.”