तक्रारी : शून्य

“निसर्गाची चूक आम्ही कायमची दुरुस्त केली आहे,” सर्जनसाहेबांनी परिषदेत जाहीर केलं. दुरुस्त झालेली चूक, वय वर्षं चार, आईच्या मांडीवर आंबट ढेकर देत होती. तिची जन्मतः तुटक अन्ननलिका साहेबांनीच जोडलेली. मागे पडद्यावर ठळक अक्षरं : ‘तक्रारी : शून्य’.

मधल्या सुट्टीत आईने त्यांना गाठलं. “डॉक्टर, आडवी झाली की हिच्या छातीत जळतं. या गुलाबी औषधावर दिवस काढतोय. तेवढं कागदावर लिहून द्या, म्हणजे बालवाडीत जेवल्या जेवल्या झोपवणार नाहीत.”

“लिहिलं तर माझ्या शून्याचं काय, बाई? नळी उत्तम आहे. जळजळ म्हणजे लाडावलेल्या पोरांची नाटकं.”

मग साहेब जेवले, तीनदा वाढून घेऊन. दुपारच्या सत्रात पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ऐसपैस रेलले, आणि दोनच मिनिटांत छातीवर हात ठेवून ताठ बसले. घाम पुसून त्यांनी हळूच मागच्या रांगेत बसलेल्या मायलेकींकडे वळून पाहिलं.

“बाळ, तुझं ते गुलाबी औषध… एक चमचा देतेस?”